घराचा महिना

रत्नागिरीत, झाडगावात, आमच्या आळीला दुर्गाअक्का राहायला नसत्या, तर मी एक बऱ्या स्वभावाची बाई म्हणून ओळखली गेले असते. माझा स्वभाव बिघडला तो त्यांच्या शेजारामुळे. त्यांचा आणि माझा घरामागचा परसू यांच्यामध्ये चिऱ्यांचा एक गडगा होता, कमरेएवढा. त्या गडग्याच्या पलीकडे जे जे होतं, ते सगळं माझ्याकडच्यापेक्षा चांगलं होतं. त्यांच्या हापूसच्या कलमाला आंबा धरे, माझ्या कलमाला नुसता मोहोर येई आणि गळून जाई. त्यांची आमसुलं वर्षभर टिकत, माझ्या आमसुलांना श्रावणातच बुरशी. नवरा लवकर गेला, एकट्या हाताने मुलगा वाढवलान्, तरी पन्नाशी उलटल्यावर बाईचे केस काळेभोर. माझे केस त्यांच्याकडे बघून बघूनच पांढरे झाले असावेत.

पण खरा हेवा विहिरीचा. माझ्या विहिरीत चैत्र सरला की तळाचा कातळ दिसायला लागे. अक्कांच्या विहिरीला ऐन वैशाखातही पुरुषभर पाणी, आणि तेही असं गोड, की आमच्या सासूबाई घोट घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "अक्काच्या हाताला गुण आहे." पाण्याला हाताचा गुण कसा लागतो, हे मी कधी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. आमच्या घरात सासूबाई अक्कांच्या, मुलं अक्कांची, आणि आमचे हे कोर्टात कारकून असूनसुद्धा कुठल्याही गोष्टीत अडलं की म्हणायचे, "अक्कांना विचारून ये." मी कशाला विचारू? जायचे ते स्वतःच जायचे.

वैशाखात मात्र मला जावंच लागे, कळशी घेऊन. सबंध आळी जाई. बाकीच्या बायका गडग्याच्या वाटेकडच्या टोकाशी असलेल्या खिंडीतून सरळ आत शिरत आणि पाणी काढत. मला ते कधी जमलं नाही. मी खिंडीत उभी राहून दर वर्षी काहीतरी नवं सांगे. आमच्या विहिरीत झावळी पडलीय, बेडूक मेलाय, पोहऱ्याचा काथ्या तुटलाय. अक्का पडवीत बसून फणसाचे गरे काढत असत. सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "काढ गो, काढ. बेडूक मेला तर करत्येस काय?" त्या हसत नसत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अक्का आळीला ठाऊक होत्या त्या वेगळ्याच कारणासाठी. रत्नागिरीत कुणाला घर विकायला काढायचं असलं, की तो आधी अक्कांकडे येई. दलाल नंतर, वकील त्याच्याही नंतर. काही जण देवळात जाऊन देवाचा कौल घेत, पण कौल घेऊनसुद्धा अक्कांकडे येत. विकायचं की नाही ते देव सांगे, केव्हा ते अक्का सांगत. कारण आमच्याकडे घर विकणं म्हणजे नुसती किंमत ठरवणं नव्हे. घेणारा बहुधा मुंबईचा. तो शिमग्याला येई, नाहीतर वैशाखात आंबे-फणसांना येई, नाहीतर गणपतीला. पावसाळ्यात मांडवीच्या बंदराला बोट लागत नाही, तेव्हा कुत्रंसुद्धा घर बघायला येत नाही. पण कुठलं घर शिमग्याला दाखवायचं आणि कुठलं गणपतीपर्यंत झाकून ठेवायचं, हे फक्त अक्कांना कळे.

घर बघायला त्या पुढच्या दाराने कधी जात नसत. आधी मागे जायचं, परसवात. विहिरीत वाकून बघायचं, एक खडा टाकायचा आणि कान द्यायचा. मग ओटीवर येऊन बसायचं. घरची बाई गूळ-पाणी घेऊन येई. अक्का गुळाला हात लावत नसत. म्हणत, "नुसतं पाणी दे. गुळाने पाण्याची चव झाकते." पाणी पिऊन झालं की वाशांकडे बघत गप्प बसून राहत. घरच्यांचा जीव टांगणीला. मग एकदम उठत, लुगड्याचा घोळ झाडत आणि सांगत, "ही बाई भाद्रपदात खुलेल." घराला त्या बाई म्हणत. माणसांना मात्र मेल्या म्हणत.

"घर काय नि मुलगी काय," असं त्यांचं म्हणणं, "ताप आला असताना कोणी दाखवतं काय? तिच्या बऱ्या दिवसांत दाखवायची. त्यात खोटं काय आहे? तिचे ते दिवस काही उसने आणलेले नाहीत."

वरच्या आळीत एक मास्तर होते. त्यांचं घर इतकं अंधारं, की भर दुपारी बायको देवघरात चाचपडे. मास्तरांचा विचार वैशाखात गिऱ्हाईक आणायचा. अक्कांनी ठणकावून सांगितलं, "गणपती बसू देत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलाव." मास्तरांनी तसं केलंन्. मखरावर माटवीची चौकट बांधलेली, तिला फळं लोंबताहेत, समया पेटलेल्या, पोरंटोरं नव्या कपड्यांत, ओटीवर झांजा. मुंबईचा गृहस्थ आरतीला उभा राहिला आणि प्रसाद हातात असतानाच घर ठरवून मोकळा झाला. पुढे दिवाळीत राहायला आला तेव्हा त्याने दोन ठिकाणी कौलं काढून काचा बसवल्यान्, आणि मग घर खरंच उजेडाचं झालं. मास्तर म्हणत, "हे आम्हाला का सुचलं नाही?" अक्का म्हणाल्या, "तुम्हाला सुचलं असतं तर तुम्ही विकलं असतंत काय?"

दुसरं घर राजिवड्याचं, खाडीलगत. दाऊदशेट म्हणून एक गलबतवाले होते, त्यांचं. घर ऐसपैस, सागवानी खांबांचं, पण समोरच मासळी वाळत घालण्याची जागा. नवरात्र झालं की तिथे जो वास सुटे, तो पार पावसापर्यंत. दाऊदशेट अक्कांच्या पायरीवर बसून म्हणाले, "अक्कानू, घर इकायचा हाय. कदी दाखवू?" अक्का म्हणाल्या, "आषाढात." दाऊदशेट चाट पडले. आषाढात येणार कोण? पण अक्कांचा हिशेब निराळा होता. पावसात मासळी वाळत नाही आणि बोट नसली तरी घाटमाथ्याकडून आणि जवळपासच्या गावांतून माणूस येतोच. लांज्याचा एक काजूचा व्यापारी आला, पाऊस धो धो, हवा स्वच्छ, घर घेऊन गेला.

कार्तिकात तो व्यापारी नाकाला पंचा लावून अक्कांच्या अंगणात उभा. "बाई, तुम्ही मला फसवलंत! त्या घरात जेवण जात नाही!"

अक्कांनी त्याला बसायला पाट दिला. "घर बघायला आलास तेव्हा पडवीत जाळी टांगलेली होती?"

"होती."

"मग? ती काय फुलं धरायची जाळी होती?"

व्यापारी पाटावरच हसायला लागला. पुढे त्याने तिथे स्वतः राहायचा नाद सोडला आणि काजूची वखार केली, ती चांगली चालली. दर वर्षी अक्कांना काजूगर पाठवी. ते काजूगर अक्का आमच्या मुलांना वाटत, आणि मुलं ते माझ्यासमोर मिटक्या मारत खात.

आता माझी गोष्ट. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे यांची बदली चिपळूणला होणार अशी बोलवा उठली. घर विकावं असं ठरलं. हे अर्थातच अक्कांना बोलावून घेऊन आले. अक्का माझ्या परसवात गेल्या, खडा टाकला. खडा कातळावर वाजला, तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मग ओटीवर बसल्या. मी पाणी आणलं. ते पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं, हे त्यांना पहिल्या घोटात कळलं असणार, पण बोलल्या नाहीत. वाशांकडे बघत बसल्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"कुठला महिना, अक्का?" हे म्हणाले.

अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिला महिना नाही गो."

वैशाखात पाणी नाही, आषाढात पश्चिमेची भिंत माडाची झापं बांधूनही भिजते, थंडीत समोरच्या वडामुळे दहा वाजेपर्यंत ऊन नाही, गणपतीला चार माणसं उभी राहतील एवढी ओटी नाही. सगळं खरं होतं. पण मी त्या घरात नवी नवरी म्हणून आले होते, माझी चारही मुलं तिथे झाली होती, आणि ही बाई माझं पाणी पिता पिता, तेही खरं तर तिचंच पाणी, मला सांगत होती की वर्षाच्या बारा महिन्यांत माझं घर कधीच दाखवण्याजोगं नसतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. यांची बदली पुढे रद्द झाली, पण ते वाक्य माझ्या मनातून कधी गेलं नाही. तेव्हापासून मी ठरवलं, की घर घ्यायचं तर याच बाईचं घ्यायचं.

आणि तशी संधी चालून आली. अक्कांचा वसंता मुंबईला रेल्वेच्या कचेरीत होता. गिरगावात त्याने बिऱ्हाड केलंन्, सून बाळंत झाली, आणि तो आईच्या मागे लागला, घर विकून टाक आणि चल. अक्कांनी होकार दिलान्. आळीत ही बातमी पसरली. माझ्या पाटल्या, सासूबाईंचा गोफ, यांची शिल्लक, सगळं मी मनात मांडून बघितलं. पावसाळ्यात त्यांनी घर काढलं तर मुंबईचं गिऱ्हाईक यायचं नाही, आणि मग आमच्याशिवाय घेणारं कोण? पण अक्का कशाला पावसाळ्यात काढतील? ज्या बाईने सगळ्या गावाला महिने सांगितले, तिला स्वतःच्या घराचा महिना सांगायला नको होता. वैशाख! विहीर भरलेली, कलमाला आंबे, फणस बुंध्यापासून लगडलेला, मुंबईची माणसं गावात. ते घर वैशाखासाठीच बांधलेलं होतं.

पहिल्या वैशाखात अक्का म्हणाल्या, यंदा कलमाला आंबा कमी, घर बोडकं दिसतं. दुसऱ्या वैशाखात म्हणाल्या, ओटीचे वासे बदलल्याशिवाय नाही. वसंता चिडून परत गेला. मी यांना म्हटलं, "बाई भाव वाढवत्येय, दुसरं काही नाही." हे म्हणाले, "तुला दुसरं काही दिसतच नाही." नाही दिसलं. कसं दिसणार? मी दर वैशाखात त्यांच्या विहिरीवर नवी नवी कारणं सांगत उभी होते.

तिसऱ्या वैशाखात वसंताने गिऱ्हाईक बरोबरच आणलंन्. मुंबईचे कापडाचे व्यापारी, चांदीच्या मुठीची काठी, हवापालटासाठी घर हवं होतं. मी नेमकी तेव्हा पोहरा सोडत होते. अक्कांनी त्यांना उलटंच घर दाखवलं, आधी परसू, मग ओटी. त्यांनी विहिरीत बघितलं आणि मान डोलावली. सगळं पसंत पडलं. वसंताचा चेहरा फुलला. मी पोहरा वर ओढून कळशीत रिकामा केला.

"इथे मात्र कंपौंड घालावं लागेल," शेट काठीने गडगा दाखवत म्हणाले. "चांगलं उंच. वरून काचा."

अक्का म्हणाल्या, "आणि या बायका?"

"कुठल्या बायका?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कळशी कडेवर घेतली. "हां, या. त्यांची सोय मुन्शिपालटी बघेल. वहिवाट चालू दिली की पुढे कोर्टकचेऱ्या. आपल्याला भानगड नको."

 अक्का लुगड्याचा घोळ झाडत म्हणाल्या, "घर या महिन्यात विकायचं नाही."

"अहो, वैशाखातच बघायला बोलावलंत ना?" शेट म्हणाले.

"माझा महिना चुकला."

वसंता आईकडे बघतच राहिला. अक्कांचा महिना चुकला, हे रत्नागिरीत कुणी कधी ऐकलं नव्हतं. शेट काठी आपटत गेले. त्या दुपारी मायलेकांचं जे भांडण झालं, ते गडग्याअलीकडे मला सगळं ऐकू आलं. वसंता म्हणत होता, "आळीच्या बायकांसाठी माझी पोरं दोन खोल्यांत गुदमरू देत काय?" त्याचंही खरं होतं. अक्का काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, कारण त्या आवाज चढवत नसत. हासुद्धा त्यांचा एक गुण होता, मला नसलेला.

आषाढात, पाऊस असा की चार दिवस सूर्य नाही, अक्का छत्री घेऊन आमच्या दारात आल्या. "दोघं चला," म्हणाल्या, "घर बघायला."

"अक्का, आता?" हे म्हणाले. "आषाढात कोणी घर काढतं?"

"म्हणून तर दुसरं कोणी बघायला नाही."

त्यांनी आम्हाला घर दाखवलं. कसं? माजघरात जिथे गळत होतं तिथे पातेली ठेवलेली होती, ती उचलून वरची फट दाखवली. कोठीच्या खोलीत भिंतीला वाळवी होती, ती पोपडा काढून दाखवली. न्हाणीतलं पाणी कुठे तुंबतं, कुठल्या दाराची चौकट फुगून बसते, कुठला वासा आतून पोकळ आहे, सगळं हाताला धरून दाखवलं. सबंध गावाची घरं बऱ्या दिवसांत दाखवणारी बाई स्वतःचं घर ते तापात असताना दाखवत होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही असं का दाखवताय?"

"परका येतो तो बघून जातो," त्या म्हणाल्या. "तुला इथे राहायचं आहे. नंतर मला शिव्या घालशील, त्या मला गिरगावात ऐकू यायच्या नाहीत."

आकडाही त्यांनीच सांगितला. आमच्या आवाक्यातला, अगदी बेताने आवाक्यातला, जणू माझ्या पाटल्यांचं वजन त्यांना ठाऊक होतं. वैशाखातल्या शेटच्या मानाने तो किती कमी होता, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. विहिरीबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. अट नाही, वचन नाही. जे मला करावंच लागणार होतं ते मला सांगायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मी संतापले. मला ते घर त्या बाईकडून हिसकावून घ्यायचं होतं, भाव चढवून, मुंबईवाल्याला हरवून. तिने ते माझ्या ओटीत घातलंन्, नारळ आणि खण घालतात तसं. आता आयुष्यभर त्या घरात मी तिच्या चांगुलपणाखाली राहणार होते. हे म्हणाले, "आता तरी शांत झालीस ना?" 

दसरा झाल्यावर मांडवीहून बोटीने अक्का गेल्या. सगळी आळी बंदरावर गेली. मी घर सारवायचं निमित्त काढून राहिले.

जुन्या घराला कुलूप घातलं, त्याला महिना नव्हताच; आणि मग अक्कांच्या घरात माझा पहिला वैशाख आला. कलमाला आंबा धरला, आणि विहीर भरलेली. बायका खिंडीतून आत आल्या, एकमेकींना हाका मारत, "चल गो, अक्कांच्या विहिरीवर जात्ये." अक्कांच्या! मी पडवीत उभी होते, ढळढळीत. एकीला म्हटलंसुद्धा, "आता आमची झाली ना ती?" तर ती म्हणाली, "हो तर, तुमचीच," आणि दुसरीला म्हणाली, "अक्कांच्या रहाटाला तेल घालायला हवं." मी विहीर बंद केली नाही. करू शकले नसते. अक्कांना ते आषाढातच ठाऊक होतं, माझ्याही आधी.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, वैशाखातच, नात्यातल्या कुणाच्या मुंजीला अक्का रत्नागिरीला आल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळची वेळ, विहिरीवर बायकांची गर्दी. मी पडवीत फणस फोडत होते. पाहते तर खिंडीत अक्का उभ्या. आता केस पांढरे झाले होते. मला त्याचं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मुंबईने बाईला वाळवलं होतं. हातात कुणाची तरी कळशी होती, जिथे उतरल्या होत्या तिथली असावी.

बायका एकदम गोळा झाल्या. "अक्का, या, पुढे या, आधी तुम्ही भरा!" अक्कांनी हाताने सगळ्यांना मागे सारलं. "तुमचा नंबर आहे, तुम्ही भरा." आणि खिंडीतच थांबल्या, बाहेरच्या बाजूला, जिथे मी उभी राहत असे. तिथून माझ्याकडे बघून हाक मारली.

"काय गो, पाणी काढू काय?"

बस, एवढंच. झावळी नाही, बेडूक नाही. जिने ती विहीर उपसली, जिने तिचा काठ बांधून घेतला, ती बाई परक्याच्या परसवाबाहेर उभी राहून कळशीभर पाणी मागत होती, आणि मान खाली नव्हती, आवाजात अडखळ नव्हती, उपकार घेतल्याचा किंवा केल्याचा लवलेश नव्हता. कुणी वेळ विचारावी तसं विचारलंन्.

"काढा की," मी म्हटलं. 

आपली पाळी आल्यावर त्यांनी पोहरा सोडला, कळशी भरली, ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि कळशी कडेवर घेऊन गेल्या. वळून घराकडे बघितलंसुद्धा नाही. मी फणसाच्या चिकाचे हात तसेच घेऊन पडवीत बसून राहिले. घर माझं होतं, विहीर माझी होती, गडगा माझा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अक्कांकडे हेवा करण्याजोगं काही उरलेलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता.